झाडून वेचलेला मोहा

माझी आई आमच्या गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष आहे आणि मी बिअर बनवते. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी मी पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि लिहिण्याआधी उठून दाराला कडी घातली. घर पुण्यातलं आहे, दाराबाहेर कुणी नाही, तरी घातली.

गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. बस पूल ओलांडून अलीकडे आली की सावली, मग मूल, मग चंद्रपूर. चंद्रपूरला बंदी आली आणि उठलीही. आमच्याकडे ती मला कळतं तेव्हापासून आहे, आणि आईसारख्या बायांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे. नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मी पुण्याला नोकरीला लागले, तेव्हा घरी सांगितलं की यीस्टच्या तपासणीचं काम आहे. आईने विचारलं, "म्हंजे पावाचं?" मी "हो" म्हटलं. तेवढं एक "हो" मला सहा वर्षं पुरलं. गावात माझं नाव पाववाली पडलं. सुटीत आले की बाया विचारायच्या, "पाव नाई आणले का वं?" मग मी चंद्रपूरच्या स्टँडजवळच्या बेकरीतून दोन डझन पाव घेऊन यायचे आणि आमच्या कंपनीचे म्हणून वाटायचे. खोटंच वाटायचं तर निदान ताजं असावं.

पुण्यातली ती ब्रूअरी लहानशी. सहा स्टीलच्या टाक्या, प्रयोगशाळा म्हणायची एक खोली आणि आमचा ब्रूअर, पन्नाशीचा, बोलायला तुसडा आणि नाकाचा तरबेज. जवाला मोड आणून ते भाजायचे, त्यांचं गोड पाणी काढायचं, हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचं, गार झालं की यीस्ट सोडायचं. एवढी कृती पहिल्या आठवड्यात पाठ झाली. चव कळायला दोन वर्षं गेली. मी तोवर दारूचा थेंब चाखला नव्हता. पहिला ग्लास गव्हाच्या बिअरचा होता, वर सायीसारखा जाड फेस. मी घोट घेतला आणि विचारलं, "यात केळं कुणी घातलं?" ब्रूअर त्या दिवशी पहिल्यांदा हसला. केळं कुणीच घातलं नव्हतं. ते यीस्टने केलं होतं, आणि केळ्यामागून येणारी लवंगही त्यानेच. डोळ्यांना न दिसणारा एवढासा जीव गव्हाच्या पाण्यातून केळं काढतो, याचं मला इतकं कौतुक वाटलं की तो अख्खा ग्लास मी चहा प्यावा तसा बसून संपवला.

दर गुरुवारी तो सहा ग्लास मांडायचा. पाचांत चांगली बिअर, एकात मुद्दाम मिसळलेला दोष. कधी शिळं लोणी, कधी उकडलेला मका, कधी ओला पुठ्ठा. आपण नाव सांगायचं. थुंकायची सोय नाही, कारण बिअरचा कडूपणा घशाशी कळतो, गिळावंच लागतं. मी गिळत गेले आणि मला ते आवडत गेलं. गुरुवारची वाट बघायला लागले. आता आडपडदा कशाला, मला बिअर आवडते. काळ्या बिअरमधली करपट कॉफी आवडते, हॉप्समधली संत्र्याची साल आवडते, आणि सहा ग्लासांतला खोटा ग्लास पहिल्या वासात पकडला की जो माज चढतो, तो तर फारच आवडतो.

पाचव्या वर्षी ब्रूअर म्हणाला, तुझ्या भागातलं काहीतरी घालून बघ. मी मोहाची फुलं घातली. नागपूरच्या व्यापाऱ्याकडून वाळलेला मोहा मागवला. बिअर झाली सुरेख, मनुकांसारखी गोड वासाची, अंगाने हलकी. फक्त शेवटी, गिळून झाल्यावर, घशाशी धुराची एक कडवट रेघ राहायची. ब्रूअर म्हणाला, जंगली यीस्ट शिरलंय कुठेतरी. असं यीस्ट धुराचा, दवाखान्यातल्या पट्टीचा वास सोडतं, हे खरं आहे. मी टाक्या उकळत्या पाण्याने धुतल्या, नळ्या बदलल्या, यीस्ट बदललं. चार वेळा बिअर केली आणि चारही वेळा धूर. मालकाने सांगितलं, पावसाळ्यात एक शेवटची खेप कर. नाही जमलं तर मोहाची बिअर बंद, आणि नव्या बिअरांचं काम दुसऱ्या कुणाकडे.

त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. आई तलावाच्या पाळीवरून घसरली होती आणि पायाची नळी मोडली होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झालीत आणि मी एकुलती एक. मी बॅग भरली. चौथ्या खेपेची एक बाटली ओढणीत गुंडाळून मीच त्या बॅगेत घातली. दारूबंदीच्या जिल्ह्यात, अध्यक्षबाईंच्या घरी, मी बिअर घेऊन निघाले. कशासाठी, तर म्हटलं तिकडे निवांतपणे उघडू आणि दोष शोधू. शिकलेल्या माणसाला अक्कल असतेच असं नाही.

निवांत असं काही आमच्या घरात नव्हतंच. मातीचं घर, पुढे अंगण, मागे परसदार, आणि दारं उजाडल्यापासून झोपेपर्यंत सताड उघडी. आई ओसरीत खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. तिला भेटायला बाया यायच्या, बसायच्या आणि जेवायची वेळ झाली तरी हलायच्या नाहीत. मी आले त्याच दिवशी बाटली धानाच्या ढोलीत, बांबूच्या त्या उंच टोपल्यात, कोपरभर खोल पुरली. डॉक्टर दीड महिना म्हणाले होते. नंतर फोटो काढून आणखी महिना म्हणाले. फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर. तिथे उभं राहिलं की पुण्याचे निरोप एकदम टपटप यायचे आणि बघणारी प्रत्येक बाई विचारायची, "कोनाशी बोलून राह्यली वं, लग्नाचं हाये का?" मला त्या गावात श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा रोज वाटायचं. आईच्या पायात जे प्लास्टर होतं, ते मला गळ्यापर्यंत घातल्यासारखं होतं.

त्यात मोहाचा हंगाम सुरू झाला. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तीन झाडं आहेत. फुलं रात्रीतून गळतात आणि उजाडताच वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन जातात. गावातले बहुतेक लोक आधी झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. जमीन काळी आणि मोकळी होते, त्यावर पिवळी फुलं लांबून दिसतात आणि काम झटपट होतं. आईला ते चालत नाही. मी टोपलं घेऊन निघाले की खाटेवरून हुकूम यायचा, "आधी झाड. मंग वेच. काडी लावशीन तर घरी येऊ नको." म्हणून मी सकाळच्या पहिल्या उजेडात खराटा घेऊन तीन झाडांखालचा पाला झाडायचे आणि मग कमरेचा काटा ढिला होईपर्यंत वेचायचे. शेजारच्या धुऱ्यावरचे लोक जाळलेल्या जागेवरून भराभर वेचून माझ्याकडे बघून हसत घरी जायचे. आईचा हा सोवळेपणा मला अगदी नकोसा झाला होता. एकदा मी चिडून म्हटलंही, "माय, जाळल्यानं काय बिघडते?" ती म्हणाली, "खाणाऱ्याले समजते." मी ते जंगल वाचवायचं काहीतरी समितीचं भाषण असेल म्हणून सोडून दिलं. गुरुवारचा माज असलेलं माझं हे नाक दीड महिना त्या फुलांत वाकून होतं, आणि त्या नाकाला काहीही सुचलं नाही.

चैत्र संपला आणि ऊन असं पडायला लागलं की पत्र्याला हात लागला तर फोड यावा. तेव्हा मला बाटलीची आठवण येऊन धास्ती बसली. तिच्यातलं यीस्ट जिवंत होतं. अशा उकाड्यात ते पुन्हा कामाला लागतं, आत हवा धरते आणि काच फुटते. अध्यक्षबाईंच्या ढोलीत धानात स्फोट झाला आणि घरभर बिअरचा वास सुटला, तर पुढे काय, हे मी झोपेतही बघायला लागले. शेवटी एका दुपारी आईचा डोळा लागला, बाया पांगल्या आणि मी ढोलीत हात घातला. कोपरापर्यंत घातला, मग खांद्यापर्यंत. धान सगळं उकरलं. बाटली नव्हती. ओढणी नीट घडी करून तळाशी ठेवलेली होती.

उंदराने नेली नव्हती, फुटली नव्हती. कुणीतरी नेली होती आणि त्या कुणाला घडी घालायला सवड होती. त्यानंतरचे दिवस मी प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत काढले. कोण हसली, कोण गप्प बसली. मी मोहाला जायचे तेव्हा शेजारीण आईजवळ येऊन बसायची, तिला पाणी द्यायची, ढोलीतून कांडायला धान काढून द्यायची. तिच्याकडे तर मी बघायचंच टाळलं. समितीत कळलं असतं तर आईला पहिल्याच बैठकीत पायउतार व्हावं लागलं असतं. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. शेत अर्ध्यावर करायला दिलेलं, नवरा नाही, पोरगी लांब. ती अध्यक्ष होती, एवढंच तिचं होतं.

आणि एका सकाळी समितीच्या आठ-दहा बाया त्या शेजारणीलाच पुढे घालून आमच्या अंगणात आल्या. मागे दोघींनी एक प्लास्टिकचा ड्रम उचलून आणला होता. तिच्या परसात, कुडाच्या मागे सापडला. आत भिजवलेला मोहा होता. बाया म्हणाल्या, हा सडवा आहे, दारू काढायला सडवलेला. शेजारीण म्हणाली, "बैलायसाठी भिजवला हाये मी. नांगराचे बैल हायेत माये." आमच्याकडे बैलांना भिजवलेला मोहा खायला घालतात, त्यामुळे तिचं म्हणणं एकदम उडवून लावता येत नव्हतं. पोलिसांना बोलवायचं का नाही, यावर गलका झाला. मग एकीला सुचलं.

"पाववाली हाये ना इथी! तपासणीचं शिकली हाये ते. तिले वास घेऊ द्या."

एक लोटाभर काढून माझ्या हातात दिला. मी नाकाजवळ नेला आणि मला सगळं कळलं. वर बारीक बुडबुडे, खालून येणारी ऊब, गोडाच्या आडून निघालेली आंबट धार, कच्च्या सफरचंदाचा वास. बैलांसाठी एक रात्र भिजवतात. हे चौथ्या दिवसावर आलं होतं आणि आणखी दोन-तीन दिवसांनी भट्टीवर चढणार होतं. पुण्यात असते तर मी तापमानही सांगितलं असतं. समोर शेजारीण उभी होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती, विनवत नव्हती, नुसतीच बघत होती. खरं सांगावं, तर तिचं नाव पोलिसांत जाणार, आणि एवढं बारीक हिला कसं कळलं हे कुणीतरी विचारणार. खोटं सांगावं, तर माझ्याच आईच्या अंगणात आईच्या तोंडावर सांगायचं. मी लोटा खाली केला.

"बैलासाठीचाच वाटते," मी म्हटलं.

बाया कुरकुरल्या. एक म्हणाली, बाईंनाच विचारा. लोटा खाटेवर गेला. आईने तो दोन्ही हातांत धरला, एकदाच वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी म्हंते तसंच असन." माझ्या जिवात जीव आला, तोच ती शेजारणीला म्हणाली, "मंग आण बैल. सारा ड्रम आमच्या समोर खाऊ घाल त्यायले. आता."

बैल आले. शेजारणीने घमेल्यांनी तो मोहा त्यांच्यापुढे ओतला आणि त्यांनी मिटक्या मारत खाल्ला. अर्ध्या तासात एका बैलाने मागचा पाय तिरका टाकला, दुसरा आमच्या कुंपणाला टेकून उभा राहिला आणि डोळे मिटून घेतले. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेजारीणही शेवटी हसली. ड्रम रिकामा झाला, खोटं खरं झालं आणि सगळ्या आपापल्या घरी गेल्या.

अंगणात आम्ही दोघीच उरलो. आई म्हणाली, "चौथा दिवस होता."

मी लोटा विसळायला घेतला.

"लोटा नाकाशी नेला तवा तुये डोळे मिटले. पाववाल्याईचे असे मिटत नाईत." मग तिने काठीने ओसरीच्या कोपऱ्यातला रांजण दाखवला. "त्याच्या खालच्या रेतीत हाये तुयी बाटली. ओल्या रेतीत ठेवली. ढोलीत फुटली असती. उन्हाळ्यात मोह्याचं काही बंद करून ठेवत नसतात, एवढं नाई शिकवलं का त्यायनं तुले?"

बाटली शेजारणीलाच सापडली होती, धान काढताना. तिने ती आईच्या हातात दिली, आईच्या सांगण्यावरून रेतीत पुरली, ओढणी घडी करून परत ढोलीत ठेवली आणि गावात चकार शब्द काढला नव्हता. आईला हे महिनाभर ठाऊक होतं. महिनाभर ती माझ्या हातचं जेवत होती, माझ्याकडून वेणी घालून घेत होती आणि गप्प होती. मला रडू फुटलं. मी सगळं सांगून टाकलं, टाक्या, गुरुवार, केळं, धूर, मालकाची शेवटची संधी. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "काढ पाहू."

मी रेती उकरून बाटली काढली आणि सांडशीने झाकण उडवलं. फेस हातावरून ओसरीवर सांडला. तिने बाटली नाकाशी धरली. आमचा ब्रूअर धरतो तशीच, थोडी तिरपी, नाक आत न घालता. दोनदा वास घेतला.

"चांगली केली," ती म्हणाली. "पण मोहा जाळलेल्या जागेवरचा हाये. राखेवर पडलेलं फूल हाये हे. झाडून वेचलेलं नाई."

एक वर्ष, चार खेपा, धुतलेल्या टाक्या, बदललेल्या नळ्या. यीस्टचा दोषच नव्हता. ज्या धुरापायी मी पुण्यात रात्रंदिवस झुरत होते, तो आमच्या शेजारच्या धुऱ्यावर दर सकाळी निघत होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून चिडचिड करत झाडत होते. मी विचारलं, "माय, तुले कसं समजलं?"

"माहेरी भट्टी होती आमच्या," ती म्हणाली. हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "पोरगी असताना मीच सांगत होती बापाले, आज उतरव, आज नको. दहा कोसावरून लोक येत होते आमच्या मालाले. मंग भाऊ त्याच्यातच गेला. इथी आली अन् कोणाले सांगतलं नाई." तिने बाटलीकडे बघितलं. "पेणार नाई मी. पण वास बरा हाये."

आणि तिने ती बाटली खाटेवरून वाकून अंगणात उपडी केली. शेवटच्या थेंबापर्यंत. माझी एकुलती एक बाटली मातीत मुरताना मी बघत होते आणि मला त्या बाटलीचं काहीच वाटलं नाही. मला तिचं वाटत होतं. आमच्या ब्रूअरपेक्षा तयार नाक घेऊन ही बाई इतकी वर्षं या ओसरीत बसली होती, आणि त्या नाकाचा उपयोग काय, तर दुसऱ्यांचे ड्रम ओळखायचे.

आत पोत्यांत मी वेचलेला मोहा भरून ठेवला होता, झाडून वेचलेला, धुराचा वास नसलेला. मी विचारलं, "आपला नेऊ का? एक पोतं?"

तिने आतल्या पोत्यांकडे बघितलं. "नाई," म्हणाली. "बैलायले घालीन, लाडू करीन. दारूले नाई देणार. मी अध्यक्ष आहो." मग थोड्या वेळाने, "दुसरीकडून घे. झाडून वेचणारे बी असतात. वास घेऊन घे." आणि मी उठून आत जायला लागले तेव्हा मागून म्हणाली, "मंगळवारी प्लास्टर निघते. मंग तू जाय. हे नाक घेऊन एक जण बसली इथी, तेवढं पुरे झालं."

पावसाळ्यातल्या खेपेत धूर नव्हता, हे आताच सांगून टाकते. ब्रूअरला मी कारण सांगितलं, कुणी शोधलं ते सांगितलं नाही.

मी निघाले त्या दिवशी आई काठी टेकत बसथांब्यापर्यंत आली. समितीच्या चार बाया आणि शेजारीणही सोडायला आल्या होत्या. बस लागली, मी पाया पडले. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येताना पाव आणजो वं. तुया कंपनीचे." शेजारीण दुसरीकडे बघायला लागली. आईच्या तोंडावरची रेघ हलली नाही. सहा वर्षं जे मी एकटी सांभाळत होते, ते आता तिनेही हातात घेतलं होतं, त्या बायांच्या देखत, आयुष्यभर टिकवलेल्या शब्दाच्या जोरावर.

मी "हो" म्हटलं आणि बसमध्ये चढले.